साठीनंतर ॲपवरून गाडी बोलावताना : खुर्चीपासून सीटपर्यंत

काचबिंदूमुळे कडेचे दिसणे आक्रसत गेले, तेव्हा ६८व्या वर्षी मी गाडी चालवणे बंद केले आणि किल्ल्या मुलीच्या हवाली केल्या. त्यानंतरचे काही महिने मी कुठे आणि केव्हा जायचे, हे घरातल्या कोणाला कधी सवड आहे यावर ठरत असे. डॉक्टरांची वेळ घेण्यापूर्वी दोघांना फोन करून विचारावे लागे, आणि मैत्रिणीकडे जाण्यासारख्या साध्या कामासाठी तर विचारण्याचाच संकोच वाटे. त्या संकोचापोटी मी ॲपवरून गाडी बोलवायला शिकले. आज मी ७१ वर्षांची आहे आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी अशा गाडीने एकटी जाते-येते.

शिकताना माझ्याकडून ज्या चुका झाल्या त्यांपैकी फार थोड्या ॲपमधल्या होत्या. बटणे पंधरवड्यात हाताला बसतात. खरी अडचण येते ती घरातल्या खुर्चीपासून गाडीच्या सीटपर्यंतच्या अंतरात, कारण या सेवेचा हिशेब रस्त्याच्या कडेपासून रस्त्याच्या कडेपर्यंतच असतो. जिना, फाटक, फुटपाथची उंची, उघडे राहिलेले गाडीचे दार आणि मागे वाजणारे हॉर्न, हे सारे प्रवाशाच्या वाट्याला येते. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये मी ॲपपेक्षा या अंतराला अधिक जागा दिली आहे.

१. ही सेवा आपल्याला मानवेल का, ते आधी ठरवावे

उबर २००९ मध्ये, ओला २०१० मध्ये आणि लिफ्ट ही अमेरिकी कंपनी २०१२ मध्ये सुरू झाली. नावे निरनिराळी असली तरी रचना साधारण सारखीच आहे: कंपनी सहसा स्वतःच्या गाड्या बाळगत नाही, ती प्रवासी आणि जवळपासचा चालक यांची गाठ घालून देते, भाडे आकारते आणि त्यातला वाटा ठेवते. आपल्या वयाच्या लोकांनी या सेवेकडे उशिरा वळणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरच्या २०१८ मधील पाहणीत १८ ते २९ या वयोगटातील ५१ टक्के लोकांनी अशी सेवा कधी ना कधी वापरलेली होती, तर ५० वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत हे प्रमाण २४ टक्के होते.

स्वतः चालत गाडीपर्यंत जाता येत असेल, काठी किंवा वॉकर घेऊन का होईना, आणि आपण कुठे निघालो आहोत हे प्रवासभर ध्यानात राहत असेल, तर ही सेवा उपयोगी पडते. दोन प्रसंगी मात्र तिच्यावर विसंबू नये. पहिला प्रसंग तातडीच्या आजारपणाचा. छातीत दुखू लागले, बोलताना जीभ जड झाली किंवा एक हात लुळा पडला, तर रुग्णवाहिकाच बोलवावी. तिच्यात उपचार वाटेतच सुरू होतात, आणि टॅक्सीच्या चालकाला ते शिक्षण नसते. दुसरा प्रसंग स्मृतिभ्रंशाचा. ज्यांना मध्येच ठिकाण आठवेनासे होते त्यांना एकटे पाठवू नये. गाडीचा नकाशा घरी बसून पाहता येतो हे खरे, पण दार उघडून उतरल्यावर ती व्यक्ती कुठल्या दिशेला चालू लागली हे नकाशा सांगत नाही. चालकाकडून सोबत्याचे काम अपेक्षित धरणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे.

२. जवळ काय काय असावे

• स्वतःच्या नावावरचा आणि सतत स्वतःजवळ असणारा मोबाइल क्रमांक. खाते उघडताना त्यावर संकेतांक येतो, आणि चालकाचा फोनही त्यावरच येतो. मुलाच्या क्रमांकावर खाते उघडले, तर चालक मुलाला फोन करीत राहतो आणि आपण रस्त्यावर उभे राहतो.
• इंटरनेट चालू असलेला स्मार्टफोन. तो नसेल तर पायरी ९ पाहावी.
• पैसे देण्याची एक पक्की सोय आणि एक पर्यायी सोय. रोख स्वीकारली जाते की नाही, हे शहरानुसार बदलते. उबरने रोख भाडे घेण्यास पहिल्यांदा सुरुवात केली ती २०१५ मध्ये हैदराबादेत.
• वाचायचा चष्मा. लांबचा चष्मा डोळ्यांवर आणि वाचायचा घरी, अशी माझी तीनदा फजिती झालेली आहे.
• पर्समध्ये मावेल असे एक कार्ड: नाव, रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी असल्यास ती, आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक. घराचा पूर्ण पत्ता कार्डावर लिहू नये. कार्ड हरवले तर तो कोणाच्याही हाती पडतो.
• पॉवर बँक आणि तिची वायर. फोन बंद पडला की परतीची गाडी, चालकाचा क्रमांक आणि पैसे या तिन्ही गोष्टी एकदमच हातातून जातात.

३. फोन आणि ॲप मांडून घ्यावे

हे काम एखाद्या निवांत दुपारी करावे. घरातले कोणी तरुण माणूस मदतीला असेल तर उत्तम, पण एक अट घालावी: फोन आपल्याच हातात राहील आणि बटण आपणच दाबू. माझ्या नातवाने पहिल्या दिवशी सगळे दोन मिनिटांत करून दिले आणि मला त्यातले काहीच आले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला हात पाठीमागे बांधून बसायला सांगितले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

प्रथम फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवावा. त्यानंतर ॲप उतरवताना ते फोनच्या अधिकृत ॲप दुकानातूनच उतरवावे. कोणी संदेशातून पाठवलेल्या दुव्यावरून ते घेऊ नये. काही कंपन्यांनी अलीकडे ज्येष्ठांसाठी वेगळी सोय केली आहे. लिफ्टने मे २०२५ मध्ये ‘लिफ्ट सिल्व्हर’ आणले, त्यात अक्षरे १.४ पट मोठी असतात आणि चढायला सोप्या गाड्यांना प्राधान्य मिळते. उबरनेही त्याच वर्षी ज्येष्ठांसाठी मोठी अक्षरे व मोजकी बटणे असलेली साधी मांडणी आणली. या सोयी सर्व देशांत नाहीत. आपल्या ॲपच्या सेटिंगमध्ये तसे काही दिसते का, ते एकदा पाहून घ्यावे.

ॲप पहिल्यांदा उघडले की ते आपले स्थान जाणून घेण्याची परवानगी मागते. येथे अनेकजण फसतात. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून ‘नेमके स्थान’ आणि ‘अंदाजे स्थान’ असे दोन पर्याय मिळतात. सावधगिरी म्हणून ‘अंदाजे’ निवडले, तर गाडी पलीकडच्या भागात जाऊन उभी राहते आणि चूक कोणाची हेच कळत नाही. ‘ॲप वापरताना’ आणि ‘नेमके’ हे दोन पर्याय निवडावेत. म्हणजे ॲप बंद असताना ते आपला माग काढीत नाही, आणि चालू असताना चुकतही नाही.

याच बैठकीत आणखी तीन कामे उरकावीत: घर, डॉक्टर आणि नेहमीची चार-पाच ठिकाणे नावांनिशी जतन करावीत, प्रवासाची माहिती आपोआप जाईल अशी दोन विश्वासाची माणसे जोडावीत, आणि पिन (ॲपमध्ये त्या प्रवासापुरता दिसणारा आकडा) चालकाला सांगितल्यावरच प्रवास सुरू व्हावा अशी सोय ॲपमध्ये असेल तर ती चालू करावी.

४. गाडी नेमकी कुठे उभी राहील, ते घराबाहेर पडून ठरवावे

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, आणि बहुतेक लोक याच पायरीला एक मिनिटही देत नाहीत.

नकाशावरचा ठिपका म्हणजे आपण, असे ॲप धरून चालते. तो ठिपका उपग्रहांच्या संदेशांवरून ठरतो. वर मोकळे आकाश असेल तर साध्या स्मार्टफोनची चूक साधारण ४.९ मीटरच्या त्रिज्येत राहते. उंच इमारती, पूल किंवा दाट झाडे असली की संदेश भिंतींवर आपटून येतात आणि चूक वाढते. घरात बसून बुकिंग केले तर तीच गत होते. तरुण माणूस अशा वेळी पन्नास पावले धावत जातो. गुडघा धरलेल्या माणसासाठी पन्नास पावले म्हणजे रस्ता ओलांडणे, दुभाजकाला वळसा घालणे आणि तोवर गाडी निघून जाणे, असे सगळे असते.

माझ्या घरामागे एक अरुंद गल्ली आहे, आणि आमच्या इमारतीचा मागचा कोपरा फाटकापेक्षा त्या गल्लीला जवळ आहे. पहिले तीन चालक त्या गल्लीतच आले. प्रत्येकाचा फोन आला, ‘मी पोचलोय, तुम्ही कुठे आहात?’ मी म्हणे, ‘फाटकापाशी’. आणि तो म्हणे, ‘इथे फाटकच नाही.’ तिसऱ्या वेळी मी मागे चालत गेले, तोवर तो वळसा घालून पुढे आला होता. त्या रात्री मी कागदावर घराचा नकाशा काढला आणि दुसऱ्या सकाळी फिरायला गेले असताना जागा शोधली.

जागा निवडताना मी पुढील गोष्टी पाहते. गाडी दोन-तीन मिनिटे थांबली तरी कोणाचा खोळंबा होऊ नये. फुटपाथ आणि रस्ता यांच्यात फार उंची नसावी. फुटपाथ फारच उंच असेल तर त्यावरून गाडीत बसताना दार अडते आणि वाकावेही लागते. उभे राहायला सावली आणि टेकायला कठडा असावा. रात्री तिथे दिवा लागत असावा. शेवटची गोष्ट म्हणजे चालकाला एका वाक्यात सांगता येईल अशी खूण जवळ असावी.

जागा ठरली की ॲपमधला ठिपका बोटाने सरकवून त्या जागेवर आणावा आणि ती जागा ‘घर’ म्हणून जतन करावी. पत्ता टाइप करून जतन केला तर ॲप बहुधा इमारतीचा मध्य धरते. ठिपका सरकवून जतन केला तर आपण निवडलेली जागा धरते. त्यानंतर चालकाला पाठवायचा एक ठरावीक संदेश फोनमध्ये लिहून ठेवावा. माझा संदेश असा आहे: ‘मी निळ्या फाटकासमोर, कठड्यापाशी काठी घेऊन उभी आहे. सावकाश चालते, कृपया दोन मिनिटे थांबावे.’ चालक ठरला की मी तो लगेच पाठवते. त्यातल्या ‘काठी’ या शब्दाने जेवढे काम होते तेवढे तीन फोनांनी होत नाही.

नेहमीच्या दवाखान्याचीही अशीच पाहणी करावी. मोठ्या रुग्णालयांना पाच-पाच दरवाजे असतात, आणि ॲपचा ठिपका अनेकदा ज्या दरवाजावर असतो तो तातडीच्या विभागाचा असतो, जिथे खासगी गाडी उभी राहू देत नाहीत.

५. पहिला प्रवास बिनकामाचा करावा

पहिल्यांदा ॲप वापरण्याचा दिवस डॉक्टरांच्या वेळेचा नसावा. पाऊस नाही, गर्दीची वेळ नाही, कुठे पोचण्याची घाई नाही, असा दिवस निवडून जवळच्या जवळ जाऊन परत यावे. सोबत कोणी असेल तर त्याने मागच्या सीटवर गप्प बसावे. दुसऱ्यांदा एकट्याने जावे आणि घरच्या माणसाने घरूनच नकाशावर पाहावे. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, हे मी नाकारत नाही. परंतु डॉक्टरांची चुकलेली वेळ पुन्हा मिळायला महिना लागला, म्हणजे ते पैसे स्वस्त वाटतात.

६. बुकिंग करताना

गाडीचा प्रकार भाड्यावरून निवडण्यापूर्वी स्वतःच्या गुडघ्यांना विचारावे. छोट्या आणि बसक्या गाडीत बसणे सोपे वाटते, पण उठताना सगळे वजन मांड्यांवर येते. उंच एसयूव्हीत चढताना पाय उचलावा लागतो. सीट आपल्या गुडघ्याच्या किंचित वर येत असेल तर ती बहुतेकांना सोयीची पडते. सांध्याची, विशेषतः खुब्याची, शस्त्रक्रिया झालेल्यांनी खोल सीट टाळावी. गुडघे खुब्याच्या वर जाऊ देऊ नयेत, असे अशा रुग्णांना सहसा सांगितलेले असते. वॉकर किंवा घडीची व्हीलचेअर असेल, तर डिकीत गॅसची टाकी नाही ना, हे चालकाला आधीच संदेश पाठवून विचारावे. टाकी असली की डिकीत जेमतेम एक पिशवी मावते.

भाडे बुकिंगच्या वेळी दिसते आणि ते मागणीप्रमाणे चढते-उतरते. पाऊस सुरू झाला, कार्यालये सुटली किंवा एखादा मोठा कार्यक्रम संपला की आकडा फुगतो. निकड नसेल तर दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. अनेकदा तो खाली आलेला असतो. डॉक्टरांची वेळ ठरवणे माझ्या हातात असल्यास मी तपासणी सकाळी अकरानंतरची मागते. त्याने भाडे कमी लागते आणि चालकही घाईत नसतो.

आदल्या दिवशी बुकिंग करून ठेवण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. ती उपयोगी आहे, पण तिला शब्द दिल्यासारखे धरू नये. काही ॲपमध्ये चालकाचा शोध ठरलेल्या वेळेच्या थोडा आधीच सुरू होतो, आणि शोध फसला तर गाडी येत नाही. पहाटेच्या रेल्वेसाठी किंवा शस्त्रक्रियेच्या दिवशी दुसरी सोय हाताशी ठेवावी.

थांबण्याच्या शुल्काबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्याचा भुर्दंड सावकाश चालणाऱ्यांनाच बसतो. उबरने २०१६ मध्ये काही शहरांत हे शुल्क लावायला सुरुवात केली. गाडी पोचल्यावर साधारण दोन मिनिटांनी त्याची आकारणी सुरू होई. वॉकरची घडी घालून आत ठेवायलाच तेवढी मिनिटे लागणाऱ्यांना प्रत्येक वेळी जादा पैसे पडत. अमेरिकेच्या न्याय विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये याविरुद्ध दावा दाखल केला, आणि जुलै २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीत अपंगत्वामुळे जास्त वेळ लागतो असे जे प्रवासी कंपनीला कळवतील त्यांचे हे शुल्क माफ करण्याचे कंपनीने मान्य केले. ती तडजोड अमेरिकेपुरती आहे. आपण जिथे राहतो तिथे तशी सवलत आहे का, हे ॲपच्या मदत विभागात विचारून पाहावे. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही.

यावर माझा स्वतःचा उपाय साधा आहे. मी गाडी घरात बसून बोलावत नाही. चपला घालून, कुलूप लावून, खाली कठड्यापाशी पोचल्यावरच बुकिंगचे बटण दाबते. पाच मिनिटे उभे राहावे लागते, पण ती पाच मिनिटे जिन्यावर घाईने उतरण्यापेक्षा बरी. ज्यांना उभे राहणे जमत नाही त्यांनी कठड्याऐवजी घडीची छोटी खुर्ची किंवा पहारेकऱ्याची खोली पाहून ठेवावी.

७. गाडी समोर आल्यावर

सर्वप्रथम नंबरप्लेट ताडून पाहावी. गाडीचा रंग आणि चालकाचा फोटो यांवर भिस्त ठेवू नये. पांढऱ्या गाड्या शंभर असतात. नंबर लहान दिसत असेल तर शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचून दाखवायला चालकाला सांगावे. त्यानंतर ‘कोणाला न्यायला आलात?’ असे विचारावे. ‘तुम्ही अमुकच ना?’ हा प्रश्न त्याने आपल्याला विचारला आणि आपण मान डोलावली, तर खात्री झाली असे म्हणता येत नाही. आपले नाव त्याच्या तोंडून यावे.

आता पिनविषयी. बँकेने, मुलांनी आणि वर्तमानपत्रांनी आपल्याला वर्षानुवर्षे बजावले आहे की मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. मग हा अनोळखी माणूस गाडीत बसल्या बसल्या ओटीपी मागतो, आणि आपण गोंधळतो. मी पहिल्या वेळी सरळ नकार दिला, आणि तो बिचारा गाडी सुरू करू शकेना. हे दोन आकडे वेगळे आहेत. प्रवासाचा पिन त्याच ॲपच्या पडद्यावर, त्याच प्रवासाखाली दिसतो आणि केवळ प्रवास सुरू करण्याच्या कामी येतो. नंबरप्लेट जुळल्यावर तो समोरासमोर सांगावा. फोनवर मात्र सांगू नये, कारण आपण गाडीत बसलेलो नसताना प्रवास सुरू झाला तर भाडे आपल्या माथी पडते. बँकेच्या संदेशातून आलेला संकेतांक मात्र समोरासमोर सांगू नये, फोनवरही सांगू नये.

८. बसणे आणि उतरणे

मागच्या सीटवर फुटपाथच्या बाजूने बसावे. रहदारीच्या बाजूचे दार उघडायचेच नाही, असा नियम करून टाकावा. पाय पूर्ण वाकत नसतील तर चालकाच्या शेजारची सीट मागे सरकवून घ्यावी. त्यासाठी आधी विचारावे.

आपल्यापैकी बहुतेकजण एक पाय आत टाकून, डोके वाकवून मग बसतात. तोल जातो तो याच क्षणी, कारण सगळे वजन बाहेरच्या एका पायावर असते आणि कंबर वळलेली असते. फिजिओथेरपिस्टने मला शिकवलेली रीत अशी: सीटकडे पाठ करून उभे राहावे आणि सीटची कड दोन्ही पायांच्या मागे टेकेपर्यंत मागे सरकावे. एक हात गाडीच्या पक्क्या भागावर, म्हणजे दाराच्या चौकटीवर किंवा सीटच्या पाठीवर ठेवावा. डोके सांभाळत सावकाश बसावे आणि मगच दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना हाच क्रम उलटा: आधी दोन्ही पाय बाहेर, तळवे जमिनीवर टेकलेले, काठी हातात, आणि मग उठणे. उघड्या दाराचा आधार घेऊ नये. दार हलते, आणि उतारावर गाडी असेल तर अचानक फिरते.

सीटचे कापड खरखरीत असेल तर वळताना कपडे अडकतात. अशा वेळी एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी खाली पसरली की वळणे सोपे जाते. गाडी सुटण्यापूर्वी ती काढून घ्यावी, नाहीतर ब्रेक लागताच आपण पुढे घसरतो. सीटबेल्ट मागेही लावावा.

चालकाने दंडाला धरून ओढले तर ‘ओढू नका, फक्त हात पुढे धरा, मी धरते’ असे सांगावे. बहुतेक चालक मदत करायला तयार असतात. कशी करावी हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

९. स्मार्टफोन नसेल किंवा दुसऱ्याने बुकिंग करून द्यायचे असेल

उबरने २०१७ पासून दुसऱ्या व्यक्तीसाठी गाडी मागवण्याची सोय दिली आहे, आणि इतरही काही ॲपमध्ये ती आहे. मुलगी तिच्या शहरातून बुकिंग करते, चालकाची माहिती प्रवाशाच्या फोनवर संदेशाने येते; त्यामुळे साधा बटणांचा फोनही चालतो. बुकिंग करताना प्रवाशाचे नाव व क्रमांक घालायला विसरू नये, अन्यथा चालक मुलीलाच शोधत राहतो. अमेरिका व कॅनडात गोगोग्रँडपॅरेंट ही सेवा फोनवर बोलून गाडी मिळवून देते.

दूर असलेल्या माणसाने बुकिंग केले की पायरी ४ मधील जतन केलेली जागा अधिकच महत्त्वाची ठरते. ती जागा त्याच्या ॲपमध्येही जतन करून ठेवावी.

१०. परतीचा विचार निघण्यापूर्वी करावा

डोळ्यांच्या तपासणीला एकटी गेले, जाताना सगळे सुरळीत झाले. तपासणीसाठी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, आणि बाहेर आल्यावर फोनचा पडदा मला पांढऱ्या धुक्यासारखा दिसू लागला. या थेंबांचा परिणाम काही तास टिकतो. शेवटी स्वागतकक्षातल्या मुलीने माझ्या फोनवरून गाडी बोलावली. म्हणजे पूर्णपणे अनोळखी व्यक्तीच्या हाती उघडा फोन द्यावा लागला. आता अशा दिवशी परतीचे बुकिंग मुलगी करते. भूल दिली जाणार असेल त्या दिवशी तर एकटे परतूच नये. अनेक रुग्णालये सोबत माणूस असल्याशिवाय सोडतही नाहीत.

११. फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

‘ॲपवरून रद्द करा, मी तेवढ्याच पैशांत नेतो’ असे चालक म्हणाला तर नकार द्यावा. रद्द केल्यावर प्रवासाची नोंद उरत नाही, घरच्यांना नकाशा दिसत नाही आणि तक्रारीला आधार राहत नाही.

कंपनीचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. शोधात वर दिसणारे क्रमांक अनेकदा भामट्यांनी पेरलेले असतात. ते परतावा देण्याच्या निमित्ताने आपल्या फोनचा पडदा त्यांना दाखवणारे ॲप उतरवायला लावतात आणि बँकेचे खाते रिकामे करतात. तक्रार करायची ती ॲपच्या आतल्या मदत विभागातूनच करावी.

वाट बदललेली वाटली तर आधी चालकाला विचारावे. उत्तर पटले नाही तर घरी फोन लावून आपण कुठे आहोत हे त्याला ऐकू जाईल असे मोठ्याने सांगावे, आणि ॲपमधले आपत्कालीन बटण कुठे आहे हे पहिल्या प्रवासाआधीच पाहून ठेवलेले असावे.

१२. उतरल्यावर

प्रवास संपल्याचे ॲपमध्ये दिसते का, ते गाडी जाण्यापूर्वी पाहावे, आणि पावतीतला आकडा त्याच दिवशी वाचावा. जादा शुल्क लागले असेल तर लगेच तक्रार केल्यास दाद लागण्याची शक्यता अधिक असते. आपल्याला दिसणारा चालकाचा क्रमांक अनेकदा मधल्या यंत्रणेचा असतो आणि प्रवासानंतर तो लागत नाही. त्यामुळे काही राहिले असेल तर ‘हरवलेली वस्तू’ या पर्यायातूनच चालकाला गाठावे लागते.

आमच्या वयात गाडीत सर्वाधिक राहून जाते ती काठी, कारण ती सीट आणि दार यांच्यामधल्या फटीत घसरते आणि उतरताना हात चालकाच्या हाताकडे गेलेला असतो. मी काठीला लाल लोकरीचा गोंडा बांधला आहे, आणि तो हाताला लागल्याशिवाय दाराची कडी ओढत नाही.